खातेवही कुणाच्या घरी?

लिनक्स सर्व्हरवर बिटकॉइनचा नोड कसा बसवायचा, असं वर्षातून दोन-तीनदा तरी मला कुणीतरी विचारतं. कधी पुण्याचा जुना वर्गमित्र, कधी सांगलीचा मावसभाऊ, कधी इथल्याच महाराष्ट्र मंडळात गणपतीला भेटलेला एखादा नवा विद्यार्थी. त्यांची समजूत अशी की हे फार गहन प्रकरण असणार. खरं सांगायचं तर उत्तर अर्ध्या पानात संपतं. एक साधा संगणक घ्यायचा, त्यात एक टेराबाइटची एसएसडी, चार-आठ जीबी मेमरी. त्यावर डेबियन बसवायचं. बिटकॉइन कोअर नावाचा प्रोग्रॅम उतरवून घ्यायचा, त्याची सही तपासायची (ही पायरी लोक हमखास गाळतात, त्याबद्दल पुढे), त्याच्यासाठी वेगळा युजर बनवायचा, कॉन्फिगरेशनच्या फायलीत चार ओळी लिहायच्या, राउटरवर ८३३३ क्रमांकाचं पोर्ट उघडायचं आणि वाट बघायची. २००९ पासूनचा प्रत्येक व्यवहार तो एकेक करून मागवतो आणि तपासतो. सगळा साठा आज सहाशे जीबीच्या वर आहे, त्यामुळे यंत्र आणि इंटरनेट कसं आहे त्यानुसार एक दिवस ते आठवडा लागतो. डिस्क लहान असेल तर तपासून झालेले जुने ब्लॉक टाकून देण्याचीही सोय आहे. झालं!

यानंतर हमखास येणारा प्रश्न असा: "मग महिन्याला किती मिळतात?" उत्तर: शून्य. नोड म्हणजे मायनिंग नव्हे. उलट दहा वॅटचं यंत्र वर्षभर चालवलं की इथल्या वीजदराने तीसेक युरो आपल्याच खिशातून जातात. हे ऐकलं की समोरच्याचा उत्साह मावळतो आणि गप्पा क्रिकेटकडे वळतात.

पण मला खरा रंजक वाटतो तो याच्या पुढचा प्रश्न. ज्यातून दमडी मिळत नाही ते यंत्र लोक घरात चालवतात तरी कशाला? आणि उघडपणे दिसणाऱ्या नोडांच्या मोजणीत जर्मनी बरीच वर्षं अमेरिकेपाठोपाठ कसा राहिला? याचं उत्तर इतिहासात आहे, आणि त्यातला बराचसा भाग मी पीएचडीसाठी ज्या सॅक्सनी राज्यात आलो तिथेच घडलेला आहे. म्हणून हा प्रपंच.

आधी नोड म्हणजे काय ते आपल्या भाषेत. आपल्याकडे गावातल्या दूध संकलन केंद्रावर रोज किती लिटर दूध घातलं आणि फॅट किती लागली हे केंद्राच्या रजिस्टरात लिहितात आणि शेतकऱ्याच्या कार्डावरही लिहितात. दहा दिवसांनी बिल निघतं तेव्हा दोन्ही ताडून बघता येतं. पण कार्डावर फक्त तुमचा हिशेब असतो. केंद्राने एकूण किती दूध दाखवलं, कुणाच्या नावावर काय चढवलं, ते तुम्हाला कळत नाही. आता कल्पना करा की प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी अख्खं रजिस्टर आहे, रोज संध्याकाळी त्यात गावातल्या सगळ्या नोंदी उतरतात, आणि नियमात न बसणारी नोंद प्रत्येकाचं रजिस्टर आपणहून नाकारतं. ते घरचं रजिस्टर म्हणजे नोड.

सामान्य माणसाने हिशेब स्वतः ताडून बघावा, ही कल्पना सॅक्सनीत फार जुनी आहे. केम्निट्झच्या दक्षिणेला डोंगराळ भागात आनाबेर्ग नावाचं गाव आहे. सोळाव्या शतकात तिथे चांदीच्या खाणी जोरात होत्या. (त्याच डोंगररांगेच्या पलीकडच्या बोहेमियातल्या योआखिम्सटाल गावच्या नाण्यांना 'टालर' म्हणत, आणि आजचा 'डॉलर' त्याच शब्दावरून आला.) या आनाबेर्गमध्ये आडाम रीस नावाचा गणिताचा मास्तर राहायचा. तो खाणींच्या हिशेबखात्यात लेखनिकही होता. १५२२ मध्ये त्याने अंकगणिताचं जे पुस्तक काढलं ते लॅटिनमध्ये न लिहिता जर्मनमध्ये लिहिलं आणि त्यात आपल्याकडून अरबांमार्फत युरोपात गेलेल्या अंकांनी हिशेब कसा करायचा ते शिकवलं. पाव किती वजनाचा मिळायला हवा याची कोष्टकंही त्याने गावासाठी करून दिली, म्हणजे भट्टीवाल्याने फसवलं तर गिऱ्हाइकाला कळावं. आजही जर्मन माणूस बेरीज सांगताना 'आडाम रीसच्या हिशेबाने' इतके झाले असं म्हणतो. तज्ज्ञावर विश्वास ठेवण्यापेक्षा स्वतः बेरीज करा, हा त्याचा धडा.

पण बेरीज येऊन भागत नाही, वहीही हातात लागते. विसाव्या शतकात जर्मनांनी हे फार महागात शिकून घेतलं. पहिल्या महायुद्धाचा खर्च सरकारने करांपेक्षा कर्जातून जास्त भागवला, पुढे नुकसानभरपाईचं ओझं आलं, आणि जानेवारी १९२३ मध्ये फ्रेंच आणि बेल्जियन फौजांनी रूर खोरं व्यापल्यावर तिथल्या संपकरी कामगारांना पगार देण्यासाठी नोटा छापणं सुरू झालं. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क असा भाव झाला. १५ नोव्हेंबरला रेंटेनमार्क नावाचं नवं चलन आलं आणि एक लाख कोटी कागदी मार्कांना एक नवा मार्क मिळाला. कर्जदार सुटले, आयुष्यभर बचत केलेले शिक्षक, कारकून आणि विधवा बुडाल्या. पुढे २० जून १९४८ ला पश्चिम जर्मनीत पुन्हा चलनबदल. माणशी ४० नवे मार्क हातात ठेवले आणि बँकेतल्या बचतीचे शंभराला जेमतेम साडेसहा झाले. पूर्वेकडे, म्हणजे आमच्या सॅक्सनीत, १ जुलै १९९० ला तिसरी पाळी आली. प्रौढ माणसाचे चार हजार मार्क एकास एक बदलून मिळाले, त्यावरच्या रकमेचे निम्मे झाले. केम्निट्झमध्ये माझी घरमालकीण सत्तरीची होती. तिच्या कुटुंबाने हे तिन्ही प्रकार पाहिले होते. ती कार्ड वापरत नसे आणि प्रत्येक पावती डब्यात ठेवत असे. तेव्हा मला गंमत वाटायची. नंतर तारखा वाचल्या आणि गंमत वाटेनाशी झाली.

मधल्या काळात लोकांनी स्वतःचं चलन काढून पाहिलं नाही असं नाही. १९३१ मध्ये बव्हेरियातल्या श्वानेनकिर्शेन गावी एका खाणमालकाने कामगारांचे पगार 'वेरा' नावाच्या खाजगी नोटांत द्यायला सुरुवात केली. बंद पडलेली खाण सुरू झाली, गावची दुकानं चालू लागली, आणि त्याच वर्षाअखेरीस सरकारने बंदी घातली. पुढे संगणकाच्या युगात डेव्हिड चॉम या गणितज्ञाच्या अॅमस्टरडॅमच्या कंपनीने 'ईकॅश' काढलं. १९९७ मध्ये डॉइश बँकेने ते आपल्या ग्राहकांना प्रायोगिक तत्त्वावर दिलंही. गणित उत्तम होतं, गुप्तता उत्तम होती. पण नाणी पाडणारा आणि तपासणारा संगणक एकाच कंपनीचा. १९९८ मध्ये कंपनी दिवाळ्यात गेली आणि काही वर्षांतच ते पैसे इतिहासजमा झाले. वही एकाच घरी असेल तर त्या घराला कुलूप लागलं की सगळं संपतं, हा त्याचा सारांश.

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ ला नऊ पानांचा लेख प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ ला पहिला ब्लॉक निघाला, त्याची पार्श्वभूमी ही. सुरुवातीचा प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालायचा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ०.२ आवृत्ती आली तिच्यात लिनक्सची सोय झाली, आणि मग नोड टेबलाखालच्या सर्व्हरवर रात्रंदिवस चालू ठेवता येऊ लागला.

या घरोघरच्या वह्यांची पहिली मोठी परीक्षा १५ ऑगस्ट २०१० ला झाली. बेरजेतल्या एका त्रुटीचा फायदा घेऊन कुणीतरी एकाच व्यवहारात १८४ अब्ज बिटकॉइन निर्माण केले. एकूण बिटकॉइन कधीही २ कोटी १० लाखांच्या वर जायचे नाहीत असा नियम, आणि इथे एका फटक्यात १८४ अब्ज! म्हणजे १९२३ चा छापखानाच. पण काही तासांत दुरुस्त प्रोग्रॅम आला, नोडवाल्यांनी तो बसवला, आणि ती नोंद ज्या साखळीत होती ती साखळीच मागे पडली. छापलेली नोट गिऱ्हाइकांनी घ्यायलाच नकार दिला तर छापखान्याचं काही चालत नाही. नोडला पैसे मिळत नाहीत, पण 'नाही' म्हणायचा हक्क मिळतो, तो असा.

जर्मनीत हे लोण आधी बर्लिनला पोचलं. क्रॉइत्सबेर्ग भागातल्या 'रूम ७७' नावाच्या बारमध्ये २०११ पासून बिटकॉइनने बिअर मिळायची. तो बार २०२० मध्ये बंद झाला, पण मधली वर्षं तो या मंडळींचा कट्टाच होता. ऑगस्ट २०१३ मध्ये एका खासदाराच्या प्रश्नाला उत्तर देताना अर्थमंत्रालयाने बिटकॉइनला 'हिशेबाचं एकक' म्हटलं आणि जगभर बातम्या झाल्या. याच क्रॉइत्सबेर्गमध्ये २०१४ मध्ये इथेरियमचं कार्यालय आलं. ३० जुलै २०१५ ला ते जाळं सुरू झालं ते कुणी फीत कापून नव्हे. चाचणीच्या जाळ्यातल्या एका ठरलेल्या ब्लॉकची खूण घेऊन प्रत्येक नोडवाल्याने पहिला ब्लॉक आपापल्या यंत्रावर तयार करायचा होता.

आता गोष्ट पुन्हा सॅक्सनीत येते. केम्निट्झहून लोकल गाडीने वीसेक मिनिटांत मिटवायडा लागतं. लहानसं गाव, जुनं तंत्रमहाविद्यालय. इथल्या येंट्श बंधूंच्या 'स्लॉक डॉट इट' या कंपनीने २०१६ मध्ये 'द डाओ' नावाचा प्रयोग मांडला. संचालक नसलेली, फक्त प्रोग्रॅमने चालणारी गुंतवणूक संस्था. लोकांनी त्यात त्या वेळच्या भावाने सुमारे १५ कोटी डॉलर टाकले. १७ जून २०१६ ला कुणीतरी त्यातली एक फट शोधली. प्रोग्रॅम आधी पैसे द्यायचा आणि मग शिल्लक कमी करायचा. म्हणजे कॅशियरने पैसे हातावर ठेवले पण पासबुकात लिहायच्या आतच पुन्हा स्लिप पुढे केली, पुन्हा पैसे, पुन्हा स्लिप... अशाने ३६ लाख इथर वळवले गेले. सुदैवाने नियमानुसार ते काही आठवडे अडकून राहणार होते.

मग सुरू झाला खरा वाद. नोंद तर नियमाप्रमाणे झालेली. ती पुसायची का? पुसली तर या वहीत आणि सरकारी वहीत फरक काय राहिला? न पुसली तर हजारो लोक बुडतात त्याचं काय? निर्णय झाला तो नोडवर. जुलैमध्ये आलेल्या प्रोग्रॅमात दोन पर्याय होते: बदलाच्या बाजूने किंवा विरोधात. २० जुलै २०१६ ला १९,२०,००० क्रमांकाच्या ब्लॉकपाशी साखळी दुभंगली. बहुतेकांनी पैसे परत देणारा फाटा घेतला. विरोधकांनी जुनी साखळी चालू ठेवली, ती इथेरियम क्लासिक या नावाने आजही आहे.

मला यातला एक बारकावा फार महत्त्वाचा वाटतो. काहीच न निवडता प्रोग्रॅम चालू केला तर तो बदलाच्या बाजूने मोजला जायचा. आपण सगळे इन्स्टॉल करताना 'पुढे, पुढे, पुढे' करत जातो. म्हणजे मत नोडवाल्याचं, पण गप्प बसलेल्यांचं मत प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या पदरात. म्हणूनच वर म्हटलं ती सही तपासायची पायरी आणि प्रत्येक आवृत्तीत काय बदललं ते वाचण्याची सवय महत्त्वाची. विश्वास नाहीसा होत नाही, तो फक्त बँकेच्या खिडकीवरून प्रोग्रॅमरच्या टेबलावर जातो.

दुसरी गोष्टही याच राज्यातली. फाल्केनश्टाइन हे फोग्टलांड भागातलं छोटं गाव. हेट्झनर या बव्हेरियातल्या कंपनीची मोठी सर्व्हरशाळा तिथे आहे. स्वस्त आणि भरवशाची, त्यामुळे जगभरच्या लोकांनी आपले नोड तिथे भाड्याच्या यंत्रांवर ठेवले. जर्मनीचा नोडांच्या यादीतला वरचा क्रमांक बराचसा अशा भाड्याच्या यंत्रांमुळे! ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीने स्पष्ट केलं की मायनिंग किंवा त्याच्याशी दुरूनही संबंधित असलेलं काहीही आमच्या अटींत बसत नाही, इथेरियमसुद्धा. २ नोव्हेंबर २०२२ ला सोलाना नावाच्या जाळ्याचे हेट्झनरकडे असलेले हजारेक नोड एका दिवसात बंद पडले. मतांच्या वजनात मोजलं तर सुमारे एक पंचमांश. एक तृतीयांशाच्या वर गेले असते तर अख्खं जाळं थांबलं असतं. तसं झालं नाही, लोकांनी दुसरीकडे बस्तान हलवलं. कंपनीची यात चूक म्हणता येत नाही. जागा तिची, अटी तिच्या. पण हजार माणसांनी हजार वह्या ठेवल्या आणि त्या सगळ्या एकाच गोदामात ठेवल्या, तर ती एकच वही झाली, हे त्या दिवशी कळलं. म्हणून नोड बसवायचाच तर घरी बसवा. कपाटावर ठेवलेला जुना लॅपटॉपही चालतो.

तिसरी गोष्ट ड्रेस्डेनची. 'मूव्ही२के' या बेकायदा चित्रपट संकेतस्थळाच्या प्रकरणात जानेवारी २०२४ मध्ये सॅक्सनीच्या पोलिसांच्या ताब्यात जवळपास पन्नास हजार बिटकॉइन आले. भावात मोठी घसरण होऊ शकते अशी जप्त वस्तू खटला संपायच्या आधीच विकून टाकावी, असा इथला कायदा. त्यानुसार १९ जून ते १२ जुलै २०२४ या काळात ४९,८५८ बिटकॉइन विकून सुमारे २६४ कोटी युरो आले. 'घाई केली, थांबले असते तर कितीतरी जास्त मिळाले असते' अशी टीका नंतर खूप झाली. माझ्या दृष्टीने रंजक बाब वेगळीच आहे. सरकारी पत्रक १६ जुलैला निघालं. पण त्याआधी तीन आठवडे किती नाणी कुठून कुठे गेली ते कुणीही आपल्या घरच्या नोडवर बघत होतं. सरकारच्या मालमत्तेची विक्री नागरिकांनी नोंद-नोंद बघावी, असा प्रसंग इतिहासात फारसा सापडणार नाही. अर्थात याची दुसरी बाजूही आहे. सरकारचं दिसतं तसं तुमचंही दिसतं. पत्ता कुणाचा ते एकदा कळलं की सगळा इतिहास उघडा. नोटांवर प्रेम करणाऱ्या जर्मनांना हे अजून पूर्ण पचलेलं नाही.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, आपल्याला काय त्याचं? तर थोडं घरी वळू. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढता येतील असं जाहीर झालं. एकाच बांधकाम समूहाची बुडीत कर्जं लपवण्यासाठी २१,०४९ खोटी खाती दाखवली होती. मुंबईतल्या निवृत्त माणसांच्या हातातली पासबुकं शेवटच्या पैशापर्यंत बरोबर होती. चुकीची होती ती बँकेची वही, आणि ती बघायची सोय कुणालाच नव्हती. दूध केंद्राचं कार्ड बरोबर, रजिस्टर खोटं!

उलट टोकाचं उदाहरण पुण्याचं. 'गेनबिटकॉइन' नावाच्या योजनेत महिन्याला दहा टक्के, अठरा महिने, असं आमिष होतं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्याच्या सूत्रधाराला अटक केली. फसलेल्यांत आयटीतली शिकलेली माणसं पुष्कळ होती. त्यांच्याकडे बिटकॉइन होते का? नाही. त्यांच्याकडे एका संकेतस्थळावर दिसणारे आकडे होते. नाव नव्या तंत्राचं, वही मात्र एकाच माणसाच्या घरी. ज्याला नोड म्हणजे काय हे कळलं होतं त्याने एकच प्रश्न विचारला असता, "माझी नोंद मला साखळीत दाखवा," आणि तिथेच भांडं फुटलं असतं.

थोडक्यात काय, तर मी कुणाला बिटकॉइन घ्या असं सांगत नाही. माझी स्वतःची बचत साध्या बँकेत आणि घराच्या हप्त्यांत आहे. बँक बुडाली तर इथे एक लाख युरोपर्यंत ठेव कायद्याने सुरक्षित असते, ती सोय कुठलाही नोड देत नाही. भावाच्या चढउताराबद्दल तर बोलायलाच नको. पण नोड एकदा बसवून बघा, दोन आठवडे चालवा, लॉगच्या ओळी सरकताना बघा. एकेका ब्लॉकपुढे तुमचं यंत्र कुणालाही न विचारता 'बरोबर' किंवा 'चूक' ठरवत असतं. मग पुढच्या वेळी कुणी पतपेढीत ठेव ठेवायचा आग्रह केला किंवा फोनवर भरमसाट परताव्याचं गाजर दाखवलं की तुमच्या तोंडून आपोआप प्रश्न निघेल: वही कुणाकडे आहे, आणि मला ती बघता येईल का? या एका प्रश्नासाठी वर्षाला तीस युरोची वीज मला महाग वाटत नाही.

असो. घरचा जुना लॅपटॉप धूळ खात पडला असेल तर शनिवारी सकाळी काढा. शेवटी एकच सूचना. उतरवलेल्या फायलीची सही तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. आडाम रीसने पावाचं वजनसुद्धा ताडून बघायला सांगितलं होतं, इथे तर अख्ख्या वहीचा प्रश्न आहे.